फणसाखालचे तीन गुंठे

सकाळी साडेपाचला आमच्या मागच्या दारी खराटा सुरू होतो. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात, डाव्या डोळ्याने कमी दिसतं, पण खराटा चुकत नाही. तोही त्यांचा त्यांनीच बांधलेला असतो. माडाच्या झापाचे हीर सोलायचे, काथ्याने आवळायचे आणि बुडाकडून जमिनीवर चारदा आपटून सारखे करायचे. लग्न होऊन या घरात आल्यापासून, म्हणजे साठेक वर्षं, त्या हे घर झाडतायत. घर म्हणजे खळं आलं, विहिरीकडची वाट आली, आणि मागचे दोन फणस, एक रायवळ आंबा, तीन रातांबे, जांभूळ आणि गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून असलेली किंजळ यांच्याखालची सगळी जमीनही आली. तीन गुंठे सहज भरतील. पातेरा, म्हणजे झाडांखाली पडलेला पाचोळा, ओढायचा, ढीग करायचा. त्यातला थोडा भाजावळीला, म्हणजे भाताच्या तरव्याची जमीन भाजायला जायचा, उरलेला संध्याकाळी पेटायचा.

मी २०१८ साली पोस्टाच्या काउंटरवरची ३१ वर्षं संपवून डोंबिवलीहून इथे, संगमेश्वर तालुक्यात राहायला आले. डोंबिवलीत गॅलरीत नऊ कुंड्या होत्या आणि त्या नऊंमध्येही माझं आणि खालच्या मजल्यावरच्यांचं भांडण व्हायचं, पाणी गळतं म्हणून. इथे तीन गुंठे आणि खाली कोणी नाही! पहिल्याच दिवशी मी मागच्या दारात उभी राहून जमिनीकडे बघितलं. लाल, टणक, सारवल्यासारखी गुळगुळीत. खराट्याच्या रेघा सोडल्या तर तिच्यावर काहीच नव्हतं. “झाडाखाली काय होत नाय वहिनी,” आमच्याकडे कामाला येणारा गडी म्हणाला. “ऊन कुठाय?” वाडीत ज्याला विचारावं तो हेच सांगायचा.

मग पाऊस आला. आमच्याकडे वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो, तेव्हा आला म्हणजे आलाच. फणसाखाली बघत बसले तर एक गोष्ट ध्यानात आली. पानांवर पाणी गोळा होतं आणि मग जो थेंब खाली सुटतो तो उघड्यावरच्या थेंबापेक्षा टपोरा असतो. झाडून उघड्या केलेल्या मातीवर तो आपटला की माती उडते. दोन्ही फणसांच्या बुंध्यांना वीतभर उंचीचा लाल शिंतोड्यांचा पट्टा होता, रंग दिल्यासारखा. खालून वाहणारं पाणी विटकरी होऊन पऱ्याला, म्हणजे खालच्या ओढ्याला, मिळत होतं. मोठ्या फणसाची मुळं इतकी वर आली होती की एका मुळाखालून आमच्या मांजरीचं पिल्लू आरपार जायचं. साठ वर्षं झाडून झाडून आम्ही ती जमीन थोडी थोडी करून शास्त्री नदीला वाहिली होती.

तेव्हा मी शहरातून आलेलं माणूस जे करतं तेच केलं. नर्सरीत गेले. तिथल्या गृहस्थांना सांगितलं, सावलीत जमीन झाकणारं काहीतरी द्या. “हे न्या,” ते म्हणाले, “वेडेलिया. पिवळी फुलं, सावलीत चालतं, एकदा लावलंत की बघायला नको.” ४० पिशव्या आणल्या. सासूबाईंनी एक पान चुरगळून वास घेतला आणि “गुरं खातात काय?” एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं. आमच्या गाईने तोंड लावून सोडून दिलं.

बघायला नको हे अगदी खरं ठरलं. दुसऱ्या पावसाळ्यात वेडेलिया जिथे थोडंसं ऊन उतरत होतं तिथे घोट्याएवढी माजली, गडगा चढली, आणि विहिरीकडे दरवर्षी आपोआप येणारा तेरडा त्या वर्षी आलाच नाही. मग मी वाचायला बसले, जे आधी करायचं ते नंतर. ही बाई मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडची. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींची एक यादी आहे, त्यात हिचं नाव आहे. पेराला पेर मूळ धरते, त्यामुळे उपटताना बोटभर तुकडा राहिला तरी पुढच्या पावसात वेल हजर. दोन वर्षं मी ती खुरप्याने काढत होते. आणि काढलेली कुठे टाकली? पऱ्याच्या कडेला. आता खाली साकवाजवळ पिवळ्या फुलांचा ताटवाच झालाय. पुणे-मुंबईचे पाहुणे थांबून त्याचे फोटो काढतात. मी तिथून जाताना दुसरीकडे बघते.

काय करायचं हे मला गावच्या देवरहाटीत कळलं. तुम्ही देवराई म्हणत असाल. श्रावणात ओटी भरायला गेले होते. देवराया बघायला जाणारे लोक सहसा मान वर करून बघतात, केवढाले वृक्ष, केवढाले वेल. माझ्या डोक्यात फणसाखालची जमीन असल्यामुळे मी खाली बघत चालले. देवळाच्या मागे, जिथे भर दुपारी बॅटरी लागावी इतका अंधार असतो, तिथे मोकळी माती हाताएवढीसुद्धा दिसत नव्हती. रानहळदीची रुंद पानं, त्यांच्या पायाशी नेचे, दगडांवर शेवाळ आणि शेवाळात हंसराज, मधूनच सुरणासारख्या ठिपकेदार दांड्यावर उभी एकेक छत्री. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला तिथे दिसलेली गोष्ट फार साधी होती. तिथे कोणी झाडत नव्हतं.

घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं. “देवाची जागा ती,” त्या म्हणाल्या. “देवाला झाडायचं असेल तर देव झाडील. ही माझी जागा आहे.”

पुढच्या मे महिन्यात मी मुद्दाम पुन्हा देवरहाटीत गेले आणि तिथे माझा दुसरा गैरसमज गेला. हिरवं काहीच नव्हतं! रानहळद नाही, छत्र्या नाहीत, हंसराजाच्या जागी काळ्या काड्या. होता तो फक्त पातेरा, पाय ठेवला की घोटा बुडेल एवढा. मोबाईलवर बघितलेल्या परदेशी बागांमध्ये झाडाखालचा हिरवा गालिचा बारा महिने असतो, आणि माझ्या मनात तेच चित्र बसलं होतं. आमच्या रानाची तऱ्हा वेगळी. इथे चार महिने नको इतकं पाणी आणि त्यानंतर जवळजवळ आठ महिने कोरड. जमिनीलगतच्या झाडांनी त्यावर उपाय काढलाय: पावसात जगून घ्यायचं, आश्विन-कार्तिकात पानं टाकायची आणि कंद होऊन मातीत झोपी जायचं. पांघरूण म्हणून वर मोठ्या झाडांचा पातेरा. म्हणजे आम्ही रोज सकाळी जे ओढून पेटवत होतो ते या झोपलेल्यांचं पांघरूण होतं.

पण हे सासूबाईंना सांगणार कोण? “अगो, दारात पातेरा ठेवतेस? लोक म्हणतील या घरात बाईमाणूस उरलं नाही.” हे थट्टेत नव्हतं. ज्या घरापुढे पातेरा साचतो ते घर बंद पडलेलं, माणसं मुंबईला गेलेली, हे इथे लांबून ओळखता येतं. वाडीतली निम्मी घरं तशीच आहेत. झाडलेलं अंगण म्हणजे आम्ही अजून आहोत, अशी ती खूण असते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

शेवटी तोडगा ह्यांनी काढला. जुन्या गोठ्याचे १८ चिरे पडून होते. ते मागच्या दारापासून पंधरा पावलांवर एका रांगेत मांडले. चिऱ्यांच्या अलीकडे आईंचं राज्य, तिथे एक पान दिसता कामा नये. पलीकडे माझं, तिथे खराटा येता कामा नये. सरहद्द दोन्ही बाजूंनी पाळली जाते, फक्त अधूनमधून एखादा चिरा रात्रीतून वीतभर पलीकडे सरकलेला असतो. मी काही बोलत नाही.

दुसरी हरकत सापांची. ती नुसती भीती म्हणून झटकण्यासारखी नाही. रत्नागिरी जिल्हा आणि फुरसं यांचं नातं जुनं आहे, आणि पाचोळ्याच्या रंगाचं वीतभर फुरसं पाचोळ्यात बसलं तर दिसत नाही. म्हणून पंधरा पावलं. माझ्या राज्यातल्या दोन्ही पायवाटा हातभर रुंद आणि स्वच्छ झाडलेल्या असतात, आत जायचं तर गमबूट आणि काठी, पातेऱ्यात मोकळा हात घालायचा नाही, आणि अंधार पडल्यावर जायचंच नाही. सात वर्षांत फुरसं दोनदा दिसलं. दोन्ही वेळा गडग्याच्या उन्हाकडच्या बाजूला, चिऱ्यांच्या सांदीत. ते तिथे माझ्या आधीपासून असणार. धामण मात्र आता नेहमीची झालीय आणि भाताच्या कोठीतले उंदीर कमी झालेत.

खराटा थांबल्यावर पहिल्या वर्षी मी काहीच लावलं नाही. तसा शहाणपणा मला नव्हता, वेडेलिया काढून काढून कंबर गेली होती म्हणून. आणि त्याच वर्षी मिरगाच्या पहिल्या सरींनंतर आठवडाभरात फणसाच्या मुळांमध्ये पिवळ्या चांदण्या दिसल्या. अंगठ्याच्या नखाएवढं फूल, सहा पाकळ्या, मातीला अगदी टेकलेलं. बाजूला नारळाच्या कोवळ्या रोपासारखी चुण्या पडलेली पानं. काळी मुसळी! गुडघ्यावर बसून बघितलं तर देठ वाटतो ती बारीक नळी असते आणि फळ धरतं तेही पानांच्या बुडाशी, मातीत लपून. म्हणजे एवढी वर्षं वरून खराटा फिरत होता आणि ही खाली तग धरून होती. मुसळी औषधाला विकली जाते, त्यामुळे रानातून ती खणून नेतात. आमच्याकडची साठ वर्षं खराट्याखाली राहिली म्हणून वाचली असावी, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. आता त्या आल्यागेल्याला सांगतात की मुसळी त्यांनी राखली.

तिच्यामागोमाग किंजळीखाली, जिथे सावली विरळ आहे, तिथे फोडशी आली. तिला मी ओळखलंच नाही, गवत समजून उपटायला निघाले होते. सासूबाईंनी चिऱ्यांपलीकडून ओरडून थांबवलं. पानाच्या बुडाशी पांढरा भाग असतो, तो बघायचा. कांदा, हिरवी मिरची, थोडी चणाडाळ, वर खोबरं. पहिल्या वर्षी एकदा भाजी झाली. आता पाच-सहा वेळा होते आणि तरी जमीन झाकलेली राहते, कारण मी कापते, उपटत नाही.

लाजरीचं एक सांगायचं राहील. रस्त्याकडेला काटेरी पसरते आणि हात लावला की मिटते ती लाजाळू आपली नव्हे, ती अमेरिका खंडातून आलेली. आपल्या रानात तिच्याहून गोड एक आहे. चार बोटं उंच, वर पानांचा गोल झुबका, हुबेहूब खेळण्यातलं माडाचं झाड, मध्ये पिवळी फुलं. तीही हात लावला की पानं खाली पाडते, पण हळू, जरा विचार करून. जांभळीखाली ती शेकड्याने आली. नातू मे महिन्यात आला की विचारतो कुठाय, आणि मे महिन्यात ती नसते. त्याची शाळा आणि माझी बाग यांच्या सुट्ट्या जुळत नाहीत.

लावलेल्यांमध्ये आधी पिंपळी. मिऱ्यासारखीच, पण जमिनीवर सरपटत जाणारी वेल, गर्द हिरव्या बदामी पानांची. ओळखीच्या वैद्यांकडून तीन-तीन डोळ्यांच्या कांड्या आणल्या. नर-मादी वेल वेगळी असते आणि बाजारात जी पिंपळी मिळते ती मादीची कणसं. मी मात्र पानांसाठी लावत होते, त्यामुळे मला दोन्ही सारख्या. पहिल्या वर्षी किंजळीखालच्या जांभ्याच्या उंचवट्यावर लावली. पावसात छान धावली, चैत्रात पार वाळली. हिला कायम ओल लागते हे सासूबाईंना माहीत होतं. “मग सांगितलं का नाहीत?” म्हटलं. “विचारलंस कुठे?” दुसऱ्या वर्षी ती स्वयंपाकघराच्या मोरीच्या पाण्यावर, फणसाच्या उत्तरेला लावली. आता तिथे वीस हात लांब आणि दहा हात रुंद जागेत मातीचा कण दिसत नाही, अगदी वैशाखातही. तीन गुंठ्यांमध्ये बारा महिने हिरवा असलेला तुकडा हाच, आणि तो सांडपाण्यावर जगतोय.

ब्राह्मीसाठी विहिरीजवळचा पन्हळ निवडला. इथे एक घोळ आहे. आमच्याकडे ब्राह्मी म्हटलं की गोल, बेडकाच्या पावलासारख्या किंवा मूत्रपिंडासारख्या पानांची वेल दाखवतात. ती मंडूकपर्णी, म्हणजेच कारिवणा. जाड, इटुकल्या पानांची, पांढुरक्या फुलांची जी असते ती जलब्राह्मी. दोघींनाही ब्राह्मी म्हणतात आणि दोन वैद्यांसमोर हा विषय काढू नये. माझ्या कामाची मंडूकपर्णी, कारण ती सावली सोसते. एक धागा लावला की दर पेराला मुळी टाकत पुढे जाते. हो, वेडेलियासारखीच. पण ही पाणी संपलं की थांबते. बादलीतून पाणी हिंदकळतं तिथपर्यंतच तिचं साम्राज्य.

रानहळदीचे कंद मी देवरहाटीतून आणले नाहीत. तिथून वाळकी काडीही आणायची नसते, आणि रानातून खणून आणलेली बाग मला बाग वाटतही नाही. महामार्गाच्या रुंदीकरणात संगमेश्वराजवळ एक उताराचा बांध कापला जायचा होता. जेसीबी यायच्या आदल्या रविवारी हे, मी आणि गडी पहार घेऊन गेलो. दोन गोणी भरल्या. फणसाच्या मुळांमध्ये खणायचं नसतं हे एव्हाना कळलं होतं. दोन मुळांच्या बेचक्यात जिथे माती साचते तिथे ओंजळभर कुजका पातेरा, थोडी माती आणि एक कंद, एवढंच. आषाढात पानं कंबरेपर्यंत आली आणि श्रावण-भाद्रपदात पानांमधून दांडे निघाले, वर जांभळट गुलाबी तुरा आणि खालच्या हिरव्या खोबणींमधून डोकावणारी पिवळी फुलं. एका रात्री रानडुकरांनी अर्धा वाफा नांगरला. मी रडायची बाकी होते. पुढच्या पावसात बघते तर त्यांनी तोडून उडवलेल्या तुकड्यांतून जिथे मी लावलीच नव्हती तिथेही हळद. लागवड माझ्यापेक्षा त्यांची बरी झाली होती.

पण सगळ्यात जास्त वेळ मी ज्याच्यापुढे बसले असेन तो हंसराज. गडग्याच्या सावलीकडच्या बाजूला चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे एकच रोप होतं. काळी, केसासारखी चकचकीत दांडी आणि तिच्यावर दोन्हीकडे अर्धचंद्रासारखी पातळ पानं. पाणी टाकलं तर पानावर ठरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. एका पावसाळ्यात बघितलं की दांडीचं टोक पानं संपल्यावरही वाढतच चाललंय, मांजराच्या मिशीसारखं, आणि वजनाने खाली झुकतंय. ते शेवाळाला टेकलं. पाच-सहा दिवसांनी टेकल्या जागी मोहरीएवढी गाठ, आणखी आठवड्याने तिला मुळ्या आणि एक गुंडाळलेलं, पोपटी, चिमुकलं पान. म्हणजे हा उडीच मारतो, एकेक वीत. मग मी त्याला मदत करायला लागले. टोक शेवाळावर ठेवून वर सुपारीएवढा खडा. सहा वर्षांत गडग्याचा आठ हात पायथा हंसराजाने भरलाय. रातांब्याखाली, जिथे फांद्या जमिनीपर्यंत येतात आणि दुसरं काहीच येत नाही, तिथेही तो कडेकडेने आत शिरतोय.

तेरडा परत आला तो वेडेलिया गेल्यावर तिसऱ्या वर्षी. त्याला काही करावं लागत नाही. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की टचकन फुटतं आणि बी हातभर उडतं. आमच्याकडे गौर तेरड्याची असते. मधली काही वर्षं आम्ही गौरीसाठी तेरडा शेजाऱ्यांच्या मळ्यातून आणत होतो आणि सासूबाई दरवेळी माझ्याकडे बघत होत्या, काही न बोलता.

दिवाळीनंतर सगळं पिवळं पडायला लागतं. हा काळ मला अजून नीट सहन होत नाही. रानहळद आडवी होते, लाजरी दिसेनाशी होते. तेव्हा दशमुळी धावून येते. गुडघाभर उंचीचं झुडूप, ऐन हिवाळ्यात निळ्या फुलांचं. फुलं जुनी होताना गुलाबी झाक येते, त्यामुळे एकाच तुऱ्यावर दोन रंग. फणसाच्या गर्द सावलीतही ती फुलते. माघ संपला की तिचंही संपतं आणि मग जेठपर्यंत फक्त पातेरा.

पातेऱ्याचंही तंत्र आहे. फणसाचं पान चामड्यासारखं, लवकर कुजत नाही. चार बोटं थर झाला की खालून येणारी कोवळी मुसळी अडते. दोन बोटं बरोबर. जास्त होईल तो मी माडांच्या आळ्यात टाकते. आणि शिमग्याच्या आधी गडग्याच्या आतून सहा हात रुंदीचा पट्टा पूर्ण झाडून मोकळा करावा लागतो, कारण फाल्गुनात वणवे लागतात आणि एक ठिणगी पुरते. हा पट्टा कोण झाडतं? सासूबाई. माझ्या राज्यात वर्षातून एकदा खराट्याला परवानगी असते आणि त्या दिवशी त्या सहाऐवजी आठ हात झाडतात.

पावसाच्या सुरुवातीला नवरंग पक्षी येतो. पहाटे दोन सुरांची शीळ, मग दिवसभर पातेऱ्यात टुणटुण उड्या, एक पान उलटायचं, खाली बघायचं, दुसरं उलटायचं. झाडलेल्या जमिनीवर तो कधी उतरला नव्हता. सासूबाई खिडकीतून त्याला बघतात. “झाडतोय मेला,” म्हणतात.

एक भुईचाफाही आहे, विहिरीच्या वाटेवर. चैत्र-वैशाखात नुसत्या तापलेल्या मातीतून, पान नाही की देठ नाही, पहाटे थेट फूल वर येतं आणि वास पडवीपर्यंत. सासूबाईंच्या सासूबाईंनी लावलेला. स्थानिक-परकीयाचा कडक हिशेब करणाऱ्यांनी नाक मुरडलं तरी तो राहणार.

आणि शेवळं. देवरहाटीत ज्या ठिपकेदार दांड्यांच्या छत्र्या दिसल्या होत्या त्या याच. पावसाच्या तोंडावर जमिनीतून आधी फूल येतं, जांभळट तपकिरी, मिटलेल्या कणसासारखं. ते गेल्यावर एकच पान, त्याचीच छत्री. मोठ्या फणसाच्या पूर्वेला ती दहा-बाराने येतात, आणि ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत तो कोपरा त्या छत्र्यांनी झाकतात. २०२२ साली नणंद आली होती, पेणची. तिने बघितलं आणि ती ओरडलीच, “वहिनी, शेवळं! आणि तुम्ही नुसती बघत बसता?” तासाभरात सगळी कापून झाली. खालचा पिवळा दाण्यांचा भाग काढून टाकला, कारण तो खाजतो, खाज मारणारी काकडाची आंबट फळं मिळाली नाहीत म्हणून भरपूर चिंच घातली, वाल घातले. भाजी अप्रतिम झाली, खोटं कशाला बोलू. दोन वाट्या मी खाल्ल्या. पण फूल कापलं की त्या वर्षी बी नाही, आणि मला तो कोपरा कंदावर नाही, बियांवर वाढवायचा होता. ती दरवर्षी आठवण ठेवून फोन करते.

यंदा, २०२५ साली, पावसाने सगळ्यांनाच फसवलं. २६ मेलाच मुंबईत पोचला, रोहिणी नक्षत्र लागतं न लागतं तोच. तरवा पेरायचा राहिला, लोणच्याच्या कैऱ्या झाडावर राहिल्या, माझी लाकडं भिजली. शेवळांनी मात्र आपलं गणित बरोबर केलं आणि मे संपायच्या आत माती फोडली. मी मागच्या दारात छत्री घेऊन ती मोजत होते. चौदा होती. तेवढ्यात फोन वाजला.

“वहिनी, तुमच्याकडे पाऊस झाला ना? शेवळं आली काय?”

सासूबाई चिऱ्यांच्या रांगेशी उभ्या होत्या, हातात खराटा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शेवळांकडे, आणि हळूच मान हलवली.

“नाही हो अजून,” मी म्हटलं. “उशीरच दिसतोय यंदा.”